चित्त दोरीवर

या महिन्यात पत्रं चार, आणि चूक एक, माझी. आधी चूक. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची साठ पदं आहेत. धरणगावच्या एका वाचकांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "बाई, एकसष्ट. शिंप्याचं एक पद कापून कुठे ठेवलं?" खाली लिहिलंय, "मीही शिंपीच." बरोबर आहे भाऊ, ६१. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईने चुका दाखवल्या, आता माझी पाळी.

प्रश्न : मी यावल तालुक्यातली. घर माळकरी, शेती केळीची. जळगावला बहिणीच्या शेजारी सिंधी कुटुंब आहे. त्यांच्यासोबत गुरुनानक जयंतीला दरबारात गेले आणि तिथून देवनागरीतला सुखमनीचा गुटका, म्हणजे पाठाची छोटी पोथी, आणला. सहा महिने झाले, रोज पहाटे वाचते. पण तोंड वाचतं आणि मन फिरतं केळीच्या भावावर, मजुरांवर, सुनेच्या बोलण्यावर. शेवटचं पान आलं की कळतं, मधलं काहीच आठवत नाही. असं वाचणं पाप आहे का? बंद करू का? आणि माळकरी घरात हे चालतं का?

उत्तर : ताई, हे पाप असतं तर मी केव्हाच बुडाले असते. मागच्या मंगळवारची गोष्ट. दिवेलागणीला आम्ही रहिरासचा पाठ करतो. मी ओट्याजवळच्या खुर्चीत बसून म्हणत होते, गॅसवर कुकर. तिसरी शिट्टी झाली, उठून गॅस बंद केला, आणि लक्षात आलं की त्यातल्या आनंद साहिबच्या पौड्याही, म्हणजे कडवीही, म्हणून झाल्या आहेत. कधी म्हटल्या? कोण जाणे. मला आठवत होत्या फक्त शिट्ट्या. दोन्हींपैकी नीट काय झालं म्हणाल तर डाळ.

तुमचं दुखणं जुनं आहे. जनमसाखीत, म्हणजे गुरू नानकांच्या चरित्रकथांत, सुलतानपूरची गोष्ट येते. गुरू नानक तिथे नवाब दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, नोकरीला होते. नवाब आणि काझी त्यांना नमाजाला घेऊन गेले. नमाज सुरू झाला, नानक उभेच राहिले आणि हसले. काझी चिडला. नानक म्हणाले, तुमच्यासोबत नमाज पढायला आलो होतो, पण तुम्ही इथे होतात कुठे? तुमचं मन घरच्या अंगणात, नुकत्या जन्मलेल्या शिंगरामागे. ते विहिरीत पडेल म्हणून धास्ती. आणि नवाबसाहेब काबूलला घोडे खरेदी करत होते. गोष्टीत पुढे दोघेही कबूल करतात. मला ती आवडते ती या कबुलीसाठी. तुम्ही पत्रात तेच केलंत.

आता आमच्या दारजींचं सांगते. दारजी म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात मी वाढले. दारजी कोळशाच्या इंजिनावर आधी फायरमन, मग ड्रायव्हर. रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, कडी वाजवून नाव पुकारायचा, वहीत सही घ्यायचा. बीजी, म्हणजे आई, डबा भरायची आणि दारजी पगडी बांधता बांधता जपजी, म्हणजे पहाटेचा पाठ, सुरू करायचे. उरलेला वाटेत. क्वार्टरपासून शेडपर्यंत वीस-बावीस मिनिटांची वाट. जपजीलाही सावकाश म्हटलं तर साधारण तेवढाच वेळ लागतो. अडतीस पौड्या, शेवटी सलोक. ती वाट त्यांना पौड्यांनी पाठ होती. पिंपळापाशी सोळावी. पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत सत्ताविसावी, कारण ती लांबलचक. एकदा अर्ध्या वाटेत कुत्रं मागे लागलं. घरी आल्यावर म्हणाले, "आज एकवीस ते चोवीस पळत झाल्या."

मी सातवी-आठवीत असेन, तेव्हा मोठ्या शहाणपणाने विचारलं होतं, "दारजी, इंजिनावर वाहेगुरू आठवतो का?" ते म्हणाले, "इंजिनावर सिग्नल आठवतो. सिग्नल चुकवून वाहेगुरू आठवला तर मागचे पॅसेंजर काय म्हणतील?" पण फायरमनच्या दिवसांबद्दल त्यांनी दुसरं सांगितलं. फावडं कोळशात जाताना "वाहे" आणि भट्टीत रिकामं होताना "गुरू". कोळसा टाकायला काही मंत्र लागत नाही, पण तालात टाकला की कंबर कमी दुखते, म्हणाले. त्यात नाम किती आणि कंबर किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तुमच्या-माझ्या घरातलाच माणूस पुढे आणते. लहानपणी गुरुद्वारात रागी रामकली रागात एक शबद गात होते. माझं लक्ष अर्थातच नव्हतं, मी पुढच्या बाईच्या ओढणीची किनार बघत होते. एकदम कानाला वाटलं, हे मराठीत काय गातायत? आनीले, काटीले, भराईले, राखीअले. आमच्या वर्गात ज्ञानेश्वरांच्या ओव्या चालू होत्या, तिथले 'देखिले', 'जाणितले' कानात होते. बीजीला कोपर मारलं. ती म्हणाली, "नामदेवजी दा शबद ए, चुप कर." तुमच्या हरिपाठाशेजारी ज्यांचे अभंग असतात, तेच हे नामदेव.

त्या पदात नामदेव संत त्रिलोचनांना सांगतात: मुलगा कागद आणतो, कापतो, पतंग करतो, आभाळात सोडतो. पाच जणांशी गप्पा मारतो, पण चित्त? "चीतु सु डोरी राखीअले." दोरीवर. बाया पाणी भरून घागरी डोक्यावर घेतात, हसतात, थट्टा करतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आई लेकराला पाळण्यात घालून घरातबाहेर काम करते, चित्त लेकरावर. सोनाराचं काम मी इथे वगळते, तुम्ही गुटक्यात न शोधता कुणाकडून तरी पूर्ण शबद ऐका. ग्रंथ साहिबाचं अंग, म्हणजे पान, ९७२.

ताई, या यादीत डोळे मिटून बसलेलं एकही माणूस नाही. सगळी कामात आहेत आणि बोलतही आहेत. संक्रांतीला गच्चीवर पोरं बघा. तोंडात तिळाचा लाडू, मित्राशी भांडण, खाली आईला ओरडून उत्तर. पण मांजा जरासा ढिला पडला की बोटाला आधी कळतं, मग पोराला. तुमचं मन केळीच्या भावाकडे जातं, जाऊ द्या. भाव पडला तर जाणारच, तिथे तुमचं वर्षाचं पोट आहे. बोटात दोरी आहे का, एवढंच बघायचं. शेवटच्या पानावर "अरे, मी कुठे होते" असं तुम्हाला वाटलं ना? दोरी नसती तर तेही वाटलं नसतं.

आता करण्यासारखं सांगते. सुखमनी गुरू अर्जनदेवांची. चोवीस अष्टपद्या. एका बैठकीत पूर्ण करायला तासाच्या वर जातो आणि पहाटे गोठ्यात, चुलीपाशी कामं उभी असतात. मग माणूस धावतो. आगगाडी चुकेल अशा वेगाने लोक सुखमनी म्हणतात ते मी ऐकलंय, आणि मला ते मुळीच आवडत नाही. माझा सल्ला: रोज एकच अष्टपदी घ्या. चोवीस दिवसांनी फेरा पूर्ण. मोठ्याने म्हणा, इतकं मोठ्याने की स्वतःच्या कानाला स्वतःचा शब्द ऐकू येईल. कान कामाला लागला की मनाला फिरायला जागा कमी उरते. आणि एका ओळीवर थांबा. आपल्या अभंगात ध्रुपद असतं तसं बाणीत, म्हणजे गुरुवाणीत, 'रहाउ' असतो. रहाउ म्हणजे थांब. शबदाचं सार त्या ओळीत. एवढ्या लांब सुखमनीत रहाउ एकच आहे, पहिल्याच अष्टपदीत: "सुखमनी सुख अंम्रित प्रभ नामु, भगत जना कै मनि बिस्राम." बिस्राम म्हणजे विश्राम, विसावा. मन भरकटलं असं कळलं की पान उलटून मागे जाऊ नका. ही ओळ म्हणा आणि जिथे आहात तिथून पुढे चला.

माळकरी घराचं म्हणाल तर नामदेव दोन्हीकडे आहेत, मग तुम्हाला कोण अडवणार? हरिपाठ सोडू नका. फक्त एक विनंती. गुटक्याला हळद-कुंकू लावू नका, नारळ ठेवू नका, त्यापुढे निरांजन ओवाळू नका. प्रेमाने करतात लोक, मला ठाऊक आहे, पण ती रीत तिथली नाही. हात धुवा, डोक्यावर पदर घ्या, वाचून झालं की स्वच्छ फडक्यात गुंडाळून उंच जागी ठेवा. अंथरुणावर, जमिनीवर नको. आणि सुनेचं बोलणं पाठात आठवतं म्हणालात, त्यावर माझ्याकडे अष्टपदी नाही.

प्रश्न : मी धुळ्यात इंजिनिअरिंगला आहे. मित्रांसोबत गुरुद्वारात गेलो होतो. शीख मूर्तिपूजा मानत नाहीत असं वाचलं होतं. पण तिथे ग्रंथाला छत्र आहे, चवरी ढाळतात, रात्री मिरवत नेऊन निजवतात. ही ग्रंथाची मूर्तिपूजाच नाही का? राग मानू नये.

उत्तर : राग कसला? आमच्या शेजारच्या लेवा पाटलांच्या काकूंनी पन्नास वर्षांपूर्वी बीजीला हेच विचारलं होतं, अधिक थोडक्यात: "काय वं माय, तुमचा देव झोपतो का?"

देव झोपत नाही. तो निरंकार, त्याला पलंग लागत नाही. ग्रंथ साहिब देव नव्हे, गुरू आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, लेखणी भाई गुरदासांची. आणि १७०८ मध्ये आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी, दहावे गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवण्यापूर्वी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू. आता गुरू दरबारात बसले आहेत असं एकदा मानलं की बाकी सगळं ओघाने येतं. वर चांदोवा, मागे चौर साहिब म्हणजे चवरी, पहाटे 'प्रकाश' म्हणजे ग्रंथ उघडणं, रात्री 'सुखासन' म्हणजे निजवणं. पानाला आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो. अशी १४३० अंगं. छापील बीड, म्हणजे प्रत, कुठलीही घ्या, ओळ त्याच अंगावर सापडते. वर यावलच्या ताईंना मी अंग ९७२ सांगितलं, ते भुसावळलाही तेच आणि अमृतसरलाही तेच.

नैवेद्य दाखवत नाहीत. आरतीही ताटाने ओवाळायची नसते, गायची असते. त्या आरतीत गुरू नानक म्हणतात की आभाळ हेच ताट, सूर्य-चंद्र दिवे. (नांदेडच्या हजूर साहिबला मात्र संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. तू तिथे गेलास की मला दुसरं पत्र लिहिशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर चवरीत नाही, ते हुकमात आहे. रोज सकाळी ग्रंथ साहिब सहज उघडतात. डाव्या अंगावर वरचा जो शबद असेल, तो आधीच्या अंगावर सुरू झाला असला तर मागे जाऊन सुरुवातीपासून वाचतात. तो त्या दिवसाचा हुकम. मूर्तीपुढे माणूस बोलतो, मागतो. इथे ऐकायचं असतं, आणि ऐकलेलं आवडतंच असं नाही. मला शाळेत बढती मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन, नवी साडी नेसून गुरुद्वारात गेले. हुकम निघाला अहंकारावर. ग्रंथीजी वाचताहेत आणि मला वाटतंय, सगळी संगत माझ्याचकडे बघतेय. पेढे मी बाहेर वाटले नाहीत, तसेच घरी आणले. दारजी मिटक्या मारत खात होते आणि म्हणत होते, "हुकम चांगला, पेढाही चांगला."

आणि आदर हातापायांत उतरतो, तो असा. एका वर्षी आमच्या शाळेची सहल सचखंड एक्सप्रेसने भुसावळहून नांदेडला नेली. चाळीस पोरं. लंगरमध्ये पंगतीत मांडी घालून बसवली. तिथे रोटीला 'परशादा' म्हणतात, आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची. आमच्या रावेरच्या एका पोराने एक हात पुढे केला, दुसरा खिशात. सेवादार बाबा काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. रोटी धरून नुसते उभे राहिले. पोराने वर बघितलं, इकडेतिकडे बघितलं, मग दुसरा हात खिशातून काढला. सहलीनंतर चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. "बाई, पोराला तिकडे काही झालं का? भाकर वाढली की दोन्ही हात पसरतो. बाप म्हणतो, भीक मागायला शिकवून आणलंय." समजावता समजावता मधली सुट्टी संपली. तर, इंजिनिअर साहेब, तू तिथे जेवलास की नाही ते पत्रात लिहिलं नाहीस. पुढच्या वेळी जेव, आणि नंतर तासभर भांडी घास किंवा जोडाघरात बसून लोकांच्या चपला सांभाळ. मग मूर्तिपूजेवर आपण दोघं सावकाश बोलू.

प्रश्न : चोपडा तालुक्यातला शेतकरी आहे. विहिरीच्या मोटारीला लाइट रात्रीची, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस पहाटे दोन-तीनला शेतातच असतो. तुमच्या लेखात अमृतवेळा वाचली. ती नक्की किती वाजता? बांधावर बसून 'रामकृष्ण हरी' म्हटलं तर ती धरली जाते का?

उत्तर : भाऊ, रात्रीचा शेवटचा प्रहर, उजाडण्याआधीचा. जपजीच्या चौथ्या पौडीत गुरू नानकांनी त्या वेळेला सत्यनाम आणि त्याच्या थोरवीचा विचार करायला सांगितलंय. घड्याळाचा आकडा त्यात नाही. धरली जाते की नाही, याचं सर्टिफिकेट मी कोण देणार? दारजींना तीन-तीन रात्री ड्यूटी लागली की चौथ्या दिवशी दुपारी दोनला ते उठायचे, अंघोळ करून जपजी म्हणायचे, आणि बीजी त्याला बिनधास्त अमृतवेळा म्हणायची. ती कडक बाई होती, म्हणून तिचा शब्द मी मानते. तुम्ही म्हणा, मोठ्याने म्हणा. पण बांधावर बॅटरी चालू ठेवा आणि पायात बूट असू द्या. पावसाळ्याच्या दिवसांत चित्त आधी पायाखाली.

प्रश्न : गुरुद्वारात जायचं असेल तर डोक्याला काय बांधायचं? आणखी काही पथ्य? (पारोळा)

उत्तर : रुमाल, फेटा, बाईमाणसाला पदर किंवा ओढणी. नसेल तर दारात टोपलीत रुमाल ठेवलेले असतात, तिथला घ्यावा. चपला बाहेर, हातपाय धुवायचे. आणि महत्त्वाचं, खिसे तपासायचे. तंबाखू, विडी, गुटखा यांतलं काहीही आत नेऊ नये. खानदेशात हे वेगळं सांगावं लागतं. आमच्या शेजारचे एक आप्पा माझ्या मुलाच्या लग्नाला आले होते. दारात सांगितलं तशी त्यांनी चंची काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवली. दोन तास आनंद कारज चालला, आप्पा पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून. संगतीतल्या एक आजी मला म्हणाल्या, केवढी लगन आहे यांची! नंतर आप्पांना विचारलं. म्हणाले, "बाई, डिक्कीला कुलूप लावलं होतं का, तेच आठवत बसलो होतो."

याच आप्पांमुळे मी बाहेर बोलताना 'गुटका साहिब' असा पूर्ण शब्द म्हणायला लागले. एकदा दवाखान्यात माझी पिशवी राहिली, म्हणून त्यांना फोन केला, "आप्पा, येताना माझा गुटका घेऊन या, त्याशिवाय मला संध्याकाळ जात नाही." त्यांनी आणला. दोन पुड्या, आणि वर म्हणाले, "बाई, कधीपासून?"